हवालदार धुमाळची रजा

आमची पलटण तेव्हा काश्मीरच्या उत्तरेला होती आणि आमचं सेक्शन एका उंच पोस्टवर. पोस्टचं नाव सांगत नाही. तुम्हाला सांगून उपयोग नाही आणि शत्रूला ते आधीच माहीत आहे. मी नायक होतो. नायक गोपाळराव पवार, राहणार के. आर. पुरम, बेंगळूर.

तिथली थंडी सिव्हिलियन माणसाला सांगणं कठीण. तुम्ही डिसेंबरात इंदिरानगरला स्वेटर घालून कॉफी पिता आणि म्हणता, यंदा फारच गारठा आहे. आमच्याकडे सकाळी टूथपेस्ट हातोडीनं फोडून तिचा खडा गालात धरावा लागे. माझी मिशी तेव्हा भरघोस होती. ती गोठली की एका टोकाला चहाचा मग अडकवायचो आणि दुसऱ्या टोकाला टोपी. एकदा ओपनर हरवला म्हणून त्याच मिशीनं अननसाचा डबा उघडला आहे. विश्वास नसेल तर ठेवू नका. पेन्शन मला मिळते.

त्या पोस्टवर मला दोन शत्रू होते. एक समोरच्या रिजवर. तो निदान अधूनमधून झोपायचा. दुसरा माझ्याच बंकरमध्ये होता. हवालदार दत्तात्रय धुमाळ, वाईचा.

धुमाळला माझं मराठी सहन होत नसे. आमचे लोक तीन-चारशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले आणि इथेच राहिले. घरात मराठी, गल्लीत कन्नड. माझ्या तोंडून ‘स्वल्प सरक’ किंवा ‘सरी, अण्णा’ असं काही कन्नड निघालं की हा म्हणायचा, "सांबारात भाकरी बुडवलीस बघ परत." मी म्हणायचो, अण्णा, तुमचे लोक घाट उतरायला घाबरत होते तेव्हा आमच्यांनी बेंगळूरला तळ ठोकला. मग दिवसभर बोलणं बंद.

पण खरं वैर त्यावरून नव्हतं. वैर माझ्या गोष्टींवरून होतं. पोस्टवर बर्फ पडायला लागला की करमणूक म्हणजे बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, आणि तिच्याभोवती माझी गोष्ट. जवान माझ्यासाठी जागा राखून ठेवायचे. मी रंगात आलो की धुमाळ पाठ करून बसल्या जागेवरून विचारायचा, "अस्वल होतं म्हणतोस. कुठल्या महिन्यात?" मी सांगायचो, जानेवारीत. "जानेवारीत अस्वल झोपलेलं असतं. आणि त्या जानेवारीत तू बेळगावला कोर्सला होतास." गोष्ट तिथेच मरायची. अस्वलानं मला सोडलं होतं. धुमाळनं सोडलं नाही.

एकदा आमची हातघाई झाली. कारण आठवत नाही. माझा एक दात हलला आणि त्याचा कान आठवडाभर लाल होता. सुभेदार मोहिते साहेबांनी दोघांना बर्फ उपसायला लावलं, एकाच फावड्यानं, आळीपाळीनं.

मोहिते साहेब पोस्टचे सीनियर जेसीओ. ठेंगणे, शांत, बोलणं मोजकं. त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याही पलटणीत पाहिली नाही. बर्फात चालताना सगळे एका दोरावर बांधलेले असतात. एक घसरला तर बाकीच्यांनी धरायचं. इतर ठिकाणी दोस्त दोस्ताच्या मागे बांधतात. मोहिते साहेब ज्यांचं पटत नाही त्यांना शेजारी बांधायचे. एका नव्या लेफ्टनंट साहेबांनी कारण विचारलं. मोहिते साहेब म्हणाले, "साब, दोस्त डोंगर बघत चालतो. ज्याचं वाकडं आहे तो तुमचा पाय बघत चालतो. कधी चुकता याची वाट बघतो."

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीला मला घरी जायचं होतं. आई थकली होती, बायकोनं दोन हिवाळे मुलांना ‘पुढच्या वर्षी’ म्हणून गप्प केलं होतं. रजा मंजूर झाली. लीव्ह पार्टीत दुसरं नाव धुमाळचं होतं, आणि जायचंही बेंगळूरलाच. त्याचा धाकटा भाऊ अमोल तिथे आयटीत, सर्जापूर रोडला फ्लॅट. मुलीला बालवाडीची सुट्टी म्हणून धुमाळची बायको तिला घेऊन दिराकडे आली होती. मुलगी बोलायला लागल्यापासून बापानं तिला फोनवरच ऐकलं होतं. तिनं विचारलं होतं, बाबा फोनच्या बाहेर केवढे आहेत.

हे मला धुमाळनं सांगितलं नाही. त्यानं फोनवर बायकोला ‘सांग, दारात मावणार नाही एवढा’ असं म्हटलेलं सगळ्या बंकरनं ऐकलं.

मग हवामान बिघडलं. रजा खिशात आणि खाली जायला वाट नाही. रोज सकाळी रेडिओवर बेसला विचारायचं, रोज बेस म्हणायचा, "निगेटिव्ह. ओव्हर." दोघंही पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची पिशवी, बांधून बसलेले, समोरासमोर, एकमेकांवर चिडत. हा म्हणाला, तुझ्या पनवतीमुळे बर्फ पडतोय. मी म्हटलं, वाईत पडत नाही म्हणून तो तुला शोधत इथवर आला. त्यावर तो उठला. मीही उठलो. मोहिते साहेबांनी फावड्याकडे नुसतं बघितलं. दोघंही बसलो.

एक दिवस पहाटे आभाळ उघडलं. बेसनं होकार दिला. खालून लिंक पेट्रोल, म्हणजे बेसचा गस्तीचा गट, अर्ध्या वाटेवर येणार होता, तिथवर मोहिते साहेब आम्हाला सोडणार होते. दोरावर पुढे साहेब, मग मी, माझ्या मागे धुमाळ, शेवटी शिपाई कांबळे. प्रत्येकाच्या कमरेला लांब लाल दोरी, मोकळी सोडलेली. माणूस बर्फाखाली गेला तर ती वर तरंगते आणि कुठे खणायचं ते कळतं.

निघालो. अर्धा डोंगर उतरलो नाही तोच आभाळ परत बंद. व्हाइट-आउट. वर पांढरं, खाली पांढरं, स्वतःचे गुडघे दिसेनात. साहेब मला दिसत नव्हते, दोर नुसता पुढे ओढला जात होता. मागून मात्र धुमाळ अखंड चालू होता. "डावीकडे घे. डावीकडे, म्हशी. तू ज्या हातानं जेवत नाहीस ती बाजू." थोड्या वेळानं, "टाच रोव. नाचायला आलास काय लग्नात?" मी उलट काही बोललो की दोराला हिसका. मनात म्हटलं, बेस येऊ दे. तिथे दोर सोडतील. मग तू आहेस आणि मी आहे.

हेही सांगायला हवं की त्या उतारावर माझं पाऊल एकदाही चुकलं नाही. चुकायची सोयच नव्हती.

मग नाला आला. वरच्या कड्यावरून बर्फ खाली यायची ती जागा. तिथला ड्रिल ठरलेला. दोर सोडायचा, पिठ्ठूचे पट्टे सैल करायचे, एका वेळी एकच माणूस. पहिला पलीकडे पोचल्याशिवाय दुसऱ्यानं पाऊल टाकायचं नाही. आवाज बंद. मोहिते साहेब पुढे गेले. पलीकडे पोचून त्यांनी हात केला. तेवढ्यापुरतं जरा दिसायला लागलं होतं.

मी निघालो. नाल्याच्या मध्यावर वरचा कडक थर फुटला आणि माझा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. खाली दगडांत बूट अडकला. ओढला, निघेना. आइस अ‍ॅक्सनं उकरलं, निघेना. मोहिते साहेब पलीकडून बघत होते. त्यांनी हातानं खूण केली, शांत राहा. मी शांतच होतो. आयुष्यात इतका शांत कधी नव्हतो.

मागे पावलं वाजली. धुमाळ ड्रिल मोडून नाल्यात येत होता. मोहिते साहेबांनी दोन्ही हात वर करून त्याला थांबायची खूण केली. त्यानं पाहिली. मला माहीत आहे, कारण त्यानं मान हलवली. नाही म्हणून.

तो माझ्याजवळ गुडघ्यावर बसला आणि कुजबुजत शिव्या द्यायला लागला. मोठ्यानं दिलेल्या शिव्या मी पुष्कळ खाल्ल्या होत्या. कुजबुजलेल्या पहिल्यांदाच. माझ्या बुटाची लेस त्यानं कापली, मांडीखाली हात घातला आणि गाजर उपटावं तसा मला उपटला. बूट खालीच राहिला. मग माझी कॉलर धरून म्हणाला, "आता पळ. आणि ही गोष्ट घरी सांगताना मध्ये अस्वल घालू नकोस."

मला ढकललं. मी पळालो, एका पायात बूट, एका पायात मोजा. वर आवाज झाला. ट्रकभर पोती एकदम सोडावीत तसा. मोहिते साहेबांनी माझा हात धरून मला कडेला ओढलं, तेव्हा वारा तोंडावर आला. मागे वळलो तर नाला भरलेला होता.

पुढचं थोडक्यात लिहितो.

साहेबांनी रेडिओ घेतला. "बेस, मोहिते. नाल्यात अ‍ॅव्हलांच. एक माणूस खाली. ओव्हर." "नाव? ओव्हर." "हवालदार धुमाळ. ओव्हर." खरखर. मग, "पेट्रोल येतोय. शोध चालू ठेवा. ओव्हर."

लाल दोरी कांबळेला दिसली. वीतभरच वर होती. आम्ही खणलं. फावडं दोघांकडे होतं, मी हातांनी खणलं. तो बसलेला सापडला, तोंडासमोर हात धरून, शिकवतात तसा. साहेबांनी छाती दाबली, कांबळेनं तोंडानं श्वास दिला, मग मी दिला. पेट्रोल आल्यावर त्यांच्या नर्सिंग असिस्टंटनं आमच्याकडून त्याला काढून घेतलं. तोवर आम्ही थांबलो नव्हतो.

हवामान निवळल्यावर हेलिकॉप्टरनं त्याला नेलं आणि तिथून वाईला. त्याच्या बायकोला आणि मुलीला अमोल बेंगळूरहून गावी घेऊन गेला.

मी मोहिते साहेबांना म्हटलं, रजा रद्द करा. ते म्हणाले, "का?" मग स्वतःच म्हणाले, "रजा मंजूर आहे. घरी जा. हुकूम आहे."

गेलो. श्रीनगरला बर्फ, दिल्लीला धुकं, पुढे गाडी वाटेत ताटकळत राहिली आणि बेंगळूरला वादळाचा पाऊस. के. आर. पुरमला भिजून उतरलो. घरी आईनं तोंडावरून हात फिरवला. मुलं गळ्यात पडली आणि म्हणाली, बाबा, गोष्ट. त्या रजेत मी एकही गोष्ट सांगितली नाही. बायकोला वाटलं, आजारी आहे.

धुमाळची बायको, सुनंदा, पुढच्या वर्षी कायमची बेंगळूरला आली. दिरानंच आग्रह केला. मुलीला शाळेत घातलं, स्वतः एका शाळेच्या ऑफिसात लागली. त्या हिवाळ्यात रजेवर आलो तेव्हा मी सर्जापूर रोडला तिला भेटायला गेलो. भारी सोसायटी. गेटवरच्या गार्डनं मोबाइलवर परवानगी आल्याशिवाय आत सोडलं नाही. आमच्या पोस्टवर शत्रूसुद्धा इतका वेळ बाहेर उभा राहिला नसता.

मी अक्का म्हणून हाक मारली. ती म्हणाली, "मी तुमची अक्का नाही."

बसलो. मला वाटलं, बाईला अभिमान वाटेल असं काही सांगावं. म्हणून सांगितलं. त्यात धुमाळनं मला एका हातानं उचललं, दुसऱ्या हातानं कोसळता डोंगर अडवला आणि तिरंग्याबद्दल दोन वाक्यं बोलला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते असं बोलायचे नाहीत. फोनवर तुमच्याबद्दल सांगायचे. या माणसाच्या तोंडून खरं फक्त नाव निघतं, म्हणायचे."

उठून तिनं दार उघडं धरलं.

दुसऱ्या वर्षी गेलो, तेव्हा खरं काय ते सांगितलं. बूट, लेस, शिव्या, अस्वल. ती खिडकीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुमच्या बुटासाठी गेले." मी म्हटलं, हो. चहाचं विचारलं नाही. मीही मागितला नाही. दार परत उघडं. अमोल लिफ्टपर्यंत आला आणि म्हणाला, दादा, प्लीज वाईट वाटून घेऊ नका, तिला अजून टाइम लागेल. मी म्हटलं, लागू दे. मी डोंगरावर याहून वाईट दारं पाहिली आहेत.

रिटायर होऊन आलो त्या डिसेंबरात परत गेलो. आमच्या घरी सगळे म्हणाले, कशाला जाता अपमान करून घ्यायला. बाहेर वादळाचा पाऊस, सर्जापूर रोड तुंबलेला. अमोल मुलीला घेऊन कुठे तरी अडकला होता. सुनंदा एकटीच होती. दारातच म्हणाली, "आज कुठली आणलीत?"

म्हटलं, काही नाही. नुसता आलो.

"बसा मग." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "तुमच्या सगळ्या गोष्टींत ते मरतात. साहेब आले, त्यांच्याही गोष्टीत मेले. पेपरात मेले. तुम्हाला एवढं रचता येतं, तर त्यांना एकदा घरी आणता येत नाही?"

मी कधीही गोष्ट सुरू करायला घाबरलो नव्हतो. तेव्हा घाबरलो.

म्हटलं, के. आर. पुरमला उतरला. असाच पाऊस. खांद्यावर पिठ्ठू, हातात ट्रंक.

"ट्रंक नाही. ट्रंकेला ते शिव्या द्यायचे."

बरं, नुसता पिठ्ठू. रिक्षावाल्याला म्हणाला, सर्जापूर रोड. रिक्षावाला म्हणाला, पाणी आहे, स्वल्प एक्स्ट्रा.

"देणार नाहीत."

नाही दिलं. मराठीत शिव्या दिल्या, रिक्षावाल्यानं कन्नडमध्ये परत केल्या. चालत निघाला. रिंग रोडला पाणी गुडघ्यापर्यंत. पुढे कमरेपर्यंत. मोटारी बंद पडलेल्या, आत आयटीवाले लॅपटॉप डोक्यावर धरून बसलेले. धुमाळनं एकेक मोटार ढकलून फुटपाथला लावली आणि प्रत्येकाला सांगितलं, अक्कल घरी ठेवून आलात काय.

"हे म्हणतील," सुनंदा म्हणाली.

मग एक ट्रॅक्टर आला, माणसं न्यायला. ड्रायव्हरला वाट दिसेना. धुमाळ पुढे बॉनेटवर उभा. डावीकडे घे, डावीकडे, म्हशी. मागे ट्रॉलीत अख्खी कंपनी, मॅनेजरसकट, सगळे घाबरून गप्प.

"बॉनेटवर नाही. ते चालत पुढे जातील. काठीनं खड्डा बघत."

मी म्हटलं, गोष्ट माझी आहे. ती म्हणाली, "माणूस माझा आहे."

मग चालत, काठीनं खड्डा बघत. गेटवर गार्डनं विचारलं, कुठला फ्लॅट, मोबाइलवर परवानगी आली नाही. धुमाळ म्हणाला, मी बॉर्डरवर उभा असतो, तिथे मी परवानगी देतो. गार्डनं सॅल्यूट मारला.

"सॅल्यूट मारला नाही," ती म्हणाली. "रजिस्टरमध्ये सही घेतली. आणि त्यांनी केली. नियम म्हटला की करायचे."

बरं, सही केली. लिफ्ट बंद होती. जिने चढला. पाणी निथळत होतं, प्रत्येक पायरीवर बुटाचा ठसा. दाराशी आला.

तिथे माझं तोंड बंद झालं. पुढचं मला सुचलं नाही असं कधी होत नाही. तेव्हा झालं. बाहेर पाऊस चालू होता आणि आम्ही दोघं दाराकडे बघत होतो.

"मी उघडलं," सुनंदा म्हणाली. आवाज साधा होता, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा. "म्हटलं, बूट बाहेर. आत चिखल नको. तर म्हणाले, एवढ्या लांबून आलोय. मी म्हटलं, बाहेर. काढले मग. मुलगी मागे उभी होती. तिनं आधी दार बघितलं, मग त्यांच्याकडे. म्हणाली, मावले की."

ती उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ. मी बसून राहिलो. परत आली तेव्हा दोन कप चहा होता. माझा कप तिनं जरा आपटूनच ठेवला.

"रजेवर पोचल्यावर तुमच्यात फोन करायचा असतो ना?" तिनं विचारलं. "युनिटला."

असतो. रजेवर गेलेल्या माणसानं घरी पोचलो म्हणून कळवायचं, हा नियम आहे. कळवलं नाही तर रागावतात.

"मग करा."

मोहिते साहेब माझ्या आधीच रिटायर होऊन गावी गेले होते. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"राम राम साहेब. पवार बोलतोय, बेंगळूरहून."

"बोल."

"साहेब, कळवायचं होतं. हवालदार धुमाळ रजेवर घरी पोचला."

पलीकडे कुठे तरी म्हैस ओरडली. मला वाटलं, आता विचारतील, पवार, घेतली आहेस का.

"कोणाकोणासमोर आहेस?" ते म्हणाले.

"वहिनी आहेत, साहेब."

"उशीर झाला त्याला."

"हो साहेब. हवामान खराब होतं."

"ठीक आहे. कळलं." साहेबांचा आवाज रेडिओवर असायचा तसा झाला होता. "त्याला म्हणावं, रजा पूर्ण घे. इकडचं आम्ही बघतो."